भिंतींसकट मोजलेली सतरंजी

आमच्या बैठकीपेक्षा आमची सतरंजी मोठी होती, आणि यात सतरंजीची काही चूक नव्हती.

चूक माझीही नव्हती, असं मी पुढं दहा-बारा वर्षं सांगत आलो. आता माझं कोणी ऐकत नाही, म्हणून खरं काय ते सांगून टाकतो.

निजामी अंमलातली गोष्ट. मी हिंगोलीत मोजणी खात्यात होतो. हातात साखळी, मागं दोन माणसं, डोक्यावर काळी टोपी आणि टोपीखाली मावेल त्याहून जास्त अभिमान. औंढ्यापासून गोरेगावापर्यंत कुणाचा बांध कुणाच्या रानात किती सरकलाय, हे मी सांगायचं आणि माझ्या त्या एका शब्दावर दोन सख्ख्या भावांनी जन्मभरासाठी बोलणं सोडायचं, असा माझा दरारा. लोक म्हणायचे, या माणसाचं माप चुकत नाही. लोक काहीही म्हणतात.

घरात आई, मी, माझी बायको राधा आणि धाकटी बहीण गोदा. वडील गेलेले, त्यामुळं गोदाच्या लग्नाची जबाबदारी माझ्यावर. गोदाला एकोणीस लागलेलं. त्या काळी या वयाच्या मुलीकडं लोक नासत चाललेल्या दुधाकडं बघावं तसं बघत. दोन स्थळं येऊन गेली होती. पहिल्यांनी कळवलं, मुलगी उंच आहे. (मुलगा बुटका होता, पण हे त्यांनी कळवलं नाही.) दुसऱ्यांनी कळवलं, मुलगी फार बोलते. त्यांनी तिला अकरा प्रश्न विचारले होते आणि तिनं अकराही प्रश्नांची उत्तरं दिली होती. एवढाच तिचा गुन्हा.

तिसरं स्थळ वसमतचं. व्यंकटराव म्हणून कचेरीतले निवृत्त पेशकार. त्यांचा मुलगा माधव नांदेडला शाळेत मास्तर. वैशाखात मुलगी बघायला येतो, असं त्यांचं पत्र आलं. आईनं पत्र देवापुढं ठेवलं आणि मला म्हणाली, "गोदीचं यंदा जमू दे रे बाबा. सारखं सारखं तिला पाटावर बसवणं माझ्यानं बघवत न्हाई."

आता आईचं हे बोलणं ऐकून शहाण्या माणसानं काय केलं असतं? पोह्यांची, पाण्याची, पान-सुपारीची तजवीज केली असती. मी बैठकीच्या सजावटीला लागलो.

आमची बैठक म्हणजे अंगणापलीकडची एक सुटी खोली. चारी बाजूंनी मोकळी, दगडी भिंतींची, एक दार आणि गज लावलेली एक खिडकी. वर्षातले अकरा महिने तिच्यात तुरीची पोती आणि कापूस. पाहुणे आले की कापूस बाहेर आणि पाहुणे आत. जमीन मातीची, उंदरांनी जागोजागी उकरलेली.

राधा म्हणाली, "शेजारून दोन जाजमं आणू. वर चादर टाकू. झालं."

"दोन जाजमं?" मी म्हणालो. "मधे जोड दिसेल."

"पाहुणे मुलगी बघायला येऊन राहिले का जोड?"

पण मी तहसीलदारसाहेबांच्या बंगल्यात एकदा गालिचा पाहिला होता. कामासाठी गेलो होतो, उंबऱ्याबाहेरूनच पाहिला. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत सलग. तेव्हापासून माझ्या मनानं घेतलं होतं की माणसाची लायकी त्याच्या पायाखाली किती जमीन उघडी दिसते यावर ठरते. मी जाहीर केलं, "बैठकीला एकच सतरंजी येईल. सलग. चारी भिंतींना टेकलेली."

माप घ्यायला गेलो तर खोलीत पोती छतापर्यंत. राधा म्हणाली, "पोती काढू द्या चार दिवसांत. मंग आतून मोजा. न्हाईतर माझं लुगडंच अंथरून पाहते, नऊ वार आहे, लगेच समजंल."

लुगड्यानं मोजणी. सरकारी मोजणीदाराच्या घरात. मी तिच्याकडं दयेनं पाहिलं आणि म्हणालो, "आम्ही शेत मोजताना आधी ज्वारी कापत नाही. बाहेरून मोजतो."

आणि भर उन्हात साखळी घेऊन मी बैठकीभोवती फिरलो. लांबी एकवीस फूट, रुंदी पंधरा. दोनदा मोजली. दोन्ही वेळा तेवढीच भरली. माप चुकत नाही म्हणतात ते हे असं.

बाजारात महबूबभाईंचं दुकान. त्यांच्या आजोबांपासून सतरंज्यांचा व्यापार, माल ओरंगलहून, म्हणजे वरंगलहून, यायचा. स्वभावानं शांत गृहस्थ. गिऱ्हाइकानं मूर्खपणा केला तरी आधी एकदा सांगून बघायचे, मग गप्प बसायचे. माप लिहिलेला कागद त्यांनी बराच वेळ पाहिला.

"सायब, तुमची बैठक मी पायलेली हाय. एवढी मोठी हाय का ती?"

"महबूबभाई, मी मोजणी खात्यात आहे."

"हौ, ते मालूम हाय. माप अंदरचं हाय न?"

"माप माप असतं. अंदरचं न् बाहेरचं काय त्यात?"

ते म्हणाले, "बरं, एक बात ऐका. खोलीपेक्षा सतरंजी चौतर्फा हात हात कमी ठेवा. किनारा मोकळा दिसला की खोली खुलते. जोडे सरकवाया, दार फिराया जागा ऱ्हाते. लई लोक भिंतीला भिडवतात आन् मंग तकलीफ होते."

चाळीस वर्षं सतरंज्या विकलेल्या माणसाचं बोलणं. मी काय म्हणालो? मी म्हणालो, "तुम्ही विकायचं काम करा, मोजायचं आमच्यावर सोडा."

"बराबर," महबूबभाई म्हणाले आणि कागदाची घडी घालून खिशात ठेवली. या त्यांच्या 'बराबर'चा अर्थ मला महिन्याभरानं कळला.

सतरंजी आली ती नेमकी पाहुण्यांच्या दिवशी सकाळी. स्टेशनवरून बैलगाडीत घालून आणली. गाडीवानानं आणि मी मिळून ती खोलीत ओढली, एका टोकाकडून उलगडत नेली आणि समोरची भिंत आली. सतरंजी काही थांबली नाही. ती भिंतीवर चढली. आडवी पसरली तर बाजूच्या भिंतीवर चढली. निळ्या-तांबड्या पट्ट्यांची इतकी देखणी सतरंजी, पण खोलीत अशी बसली होती जशी मोठ्या भावाचा अंगरखा घातलेलं लेकरू.

गाडीवान म्हणाला, "मालक, खोली अजून वाढवायची हाय का?"

राधा दारात उभी होती. ती खिडकीपाशी गेली आणि खिडकीच्या कट्ट्यावर, भिंतीच्या जाडीत, हात आडवा ठेवून पाहिला. "ही भिंत दीड फूट," ती म्हणाली. "इकडची दीड, तिकडची दीड. तीन फूट." मग माझ्याकडं वळून अगदी हळू म्हणाली, "तुमी भिंतींला बी सतरंजी आणली."

मी तातडीनं महबूबभाईंकडं गेलो. कापता येईल का म्हणून विचारलं. ते म्हणाले, "कापली की सूत सुटते. आज पट्टा कापसाल, उद्या दोरे गोळा करसाल." 'मी म्हणालो होतो' असं ते म्हणाले नाहीत. म्हणाले असते तर बरं झालं असतं, निदान भांडता आलं असतं.

मग मी घडी घालायचं ठरवलं. तीन फूट लांबीतून, तीन फूट रुंदीतून, खालच्या बाजूला दुमडायचे. राधा म्हणाली, "घडी मागच्या भिंतीकडं घाला. लोड ठेवले की दिसणार न्हाई."

"पाहुणे तिथं बसणार. त्यांच्याखाली उंचवटा?" मी म्हणालो. "घडी दाराकडं."

दाराची दोन्ही कवाडं आत उघडणारी. ती उघडून भिंतीला लावून ठेवली होती. त्यांच्याखाली जाड घडी ठोकून ठोकून सारली. दाराकडच्या कोपऱ्यात तर दोन्ही घड्या एकावर एक येऊन चार पदर झाले. मी लांब उभा राहून पाहिलं. तहसीलदारसाहेबांच्या बंगल्यासारखं काही दिसत नव्हतं, पण मला दिसलं.

दुपारच्या गाडीनं पाहुणे आले. व्यंकटराव, माधव आणि माधवचे मामा तात्या. व्यंकटराव पांढऱ्या मिशांचे, कमी बोलणारे, समोरच्याच्या बोलण्यातली खोट शोधत ऐकणारे. तात्या वजनदार आणि प्रवासानं भुकेले. माधव मात्र बरा पोरगा वाटला, सावळा, उंच. आत आल्याबरोबर उंचवट्याला अडखळला, आणि मी 'सांभाळून' म्हणायच्या आधी तोच 'माफ करा' म्हणाला.

सगळे लोडांना टेकले. मी वाट बघत होतो की कुणीतरी सतरंजीचा विषय काढेल. कुणी काढला नाही. शेवटी मीच म्हणालो, "ओरंगलहून मागवली."

"असं का," व्यंकटराव म्हणाले आणि डोळे बारीक करून दाराकडं पाहिलं. "ते दार जरा लोटा हो. झळा येऊन राहिल्या."

मी उठलो. कवाडं हलेनात. पाहुण्यांसमोर दार हलत नाही म्हणणं बरं दिसेना, म्हणून खांदा लावून रेटलं. एक लागलं, मग दुसरं लागलं. आणि कवाडांखाली इतका वेळ दबून बसलेली ती घडी मोकळी झाली, मागं फुगून उभी राहिली आणि दोन्ही कवाडांना घट्ट भिडून बसली. आयुष्यभर लोकांचे बांध मोजले. स्वतःच्या हातानं घातलेला तो पहिला.

हे तेव्हा माझ्या ध्यानात आलं नाही. बाहेरून राधानं दारावर थाप मारली, "उघडा, गोदा पोहे घेऊन आली," तेव्हा आलं.

मी ओढलं. दार बोटभर सरकलं आणि रुतलं. जोर लावला, आणखी रुतलं. माधव मदतीला आला. आम्ही दोघांनी ओढलं. मग माझ्या डोक्यात आलं की घडी दाबली पाहिजे. ती दाबायला तिच्यावर माणूस उभा राहायला हवा. मी उभा राहिलो. घडी दबली, दार निघालं आणि थेट माझ्या नडग्यांवर आलं. बाजूला झालो की घडी वर. उभा राहिलो की दार अडणार ते माझ्या पायाला. हा प्रयोग मी चार वेळा केला. पाचव्यांदा तात्यांनी विचारलं, "हे असं किती वेळ चालंल?"

"अण्णा, काय झालं?" बाहेरून गोदाचा आवाज.

"काही नाही. दार जरा जड चाललंय."

व्यंकटराव इतका वेळ लोडाला टेकूनच होते. आता ते सरळ बसले. "गृहस्था," ते म्हणाले, "आमी होकार देईपर्यंत कोंडून ठेवायचा इरादा आहे काय?"

मला घाम फुटला. "छे छे, सतरंजी जरा..."

"कचेरीत तीस वर्षं काढली मी. लोकांनी सह्या कशा कशा घेतल्या ते पाहिलंय. पण कोंडून सोयरीक हे नवीन आहे."

मी हात जोडून सगळं सांगितलं. बाहेरून मोजलं तेही सांगितलं. ऐकून त्यांची मिशी हलली, पण हसू होतं का राग, हे कळायला उजेड कमी होता.

तेवढ्यात खिडकीत गोदा दिसली. ती खिडकी उंचावर होती. बाहेरून आत बघायला कुणालाही दगडावर चढावं लागायचं. गोदाला लागलं नाही. गजांपलीकडं ती डोक्यावर पदर घेऊन, हातात ताट घेऊन उभी. पाटावर बसून मान खाली घालायची, हळू बोलायचं, असं आईनं महिनाभर शिकवलेलं सगळं बाजूला राहिलं. कारण पाट आत होता आणि ती बाहेर.

ताट गजांतून येईना. तिनं पळसाच्या पानांचे द्रोण आणले, त्यात पोहे भरले आणि द्रोण दाबून एकेक आत दिला. पंचपात्रीनं पाणी दिलं. तुरुंगात शिधा वाटावा तसं ते दिसत होतं. तात्यांनी दोनदा हात पुढं केला.

व्यंकटरावांनी सवयीनं विचारलं, "नाव काय, मुली?"

"गोदावरी." मग ती माधवकडं पाहून म्हणाली, "तुमी मास्तर का?"

माधव तोंडातले पोहे गिळत म्हणाला, "हो."

"काय शिकवता?"

"गणित. भूमिती."

"मंग अण्णाचं ऐकून दाराशी काहून झटून राहिले? सतरंजी मागं ओढा की."

"ओढता कशी येणार?" मी चिडून म्हणालो. "भिंतीपासून भिंतीपर्यंत आहे. आम्ही सगळे तिच्यावरच उभे आहोत. ज्या सतरंजीवर स्वतः उभा आहे ती माणूस ओढणार कशी?"

"मागच्या भिंतीपासून गुंडाळत या. मातीची जमीन मोकळी होईल. मंग तिच्यावर उभं राहून ओढा."

मी म्हणालो, "हे शक्य नाही." का शक्य नाही ते मला सांगता आलं नसतं, पण खात्यात असं म्हणायची सवय होती.

माधव मात्र द्रोण खाली ठेवून मागच्या भिंतीशी गेला. लोड बाजूला झाले, सतरंजीचा काठ उचलला, दोन-तीन हात गुंडाळला. खालची जमीन निघाली, उंदरांच्या बिळांसकट. मी महिनाभर झाकायच्या मागं होतो ती. व्यंकटरावांनी धोतर सावरलं, पगडी खिडकीच्या कट्ट्यावर ठेवली आणि ते त्या मातीत उभे राहिले. तात्या उभे राहिले. मी उभा राहिलो. चौघांनी गुंडाळी धरली.

एव्हाना राधानं महबूबभाईंना बोलावून आणलं होतं. ते दाराला खांदा लावून तयार होते. गोदा खिडकीतून म्हणाली, "अण्णा, तू मधे नको. कडेला हो. हं, आता ओढा."

आम्ही ओढलं. घडी सुटली, ती एकदम सुटली. तात्या माझ्यावर, मी व्यंकटरावांवर, आणि व्यंकटराव एका बिळात बसले. कवाडं धाडकन उघडली आणि महबूबभाई खांद्यासकट आत आले. उठून बसले. आमच्याकडं पाहिलं, गुंडाळलेल्या सतरंजीकडं पाहिलं, मग मोकळ्या जमिनीकडं बोट करून म्हणाले, "सायब, एवढाच किनारा मी म्हणत होतो."

पाहुणे अंगणात लिंबाखाली खाटेवर बसले. आई दाराआड उभी. तिचा चेहरा पाहून मला पहिल्यांदा खरोखर लाज वाटली. दोन स्थळं गेली ती मुलीच्या उंचीनं आणि तोंडानं. तिसरं जाणार होतं ते तिच्या भावाच्या अकलेनं. आणि या तिसऱ्यात तर गोदाचा काडीचाही हात नव्हता.

व्यंकटरावांनी धोतरावरची माती झटकली. बराच वेळ झटकत होते. मग मुलाला म्हणाले, "काय रे?"

माधव खाली बघून म्हणाला, "मी काय सांगू? तुम्ही आत होताच की."

"हं." व्यंकटराव माझ्याकडं वळले. "आमी दोन घरी मुली पाहून आलो. मान खाली घालून बसल्या होत्या, चांगल्या होत्या. पण उद्या आमच्या घरात आमी कुठं अडकलो तर त्या काय करतील ते समजलं न्हाई. हिचं समजलं. मुलगी आमाला पसंत आहे."

आईनं तिथंच डोळ्यांना पदर लावला. मी आनंदानं पुढं झालो तर व्यंकटराव म्हणाले, "थांबा. आधी मुलीला विचारा. आमाला तिनं गजांआड पाहिलंय."

आई आत गेली. मीही मागोमाग गेलो. गोदा चुलीपाशी उरलेले पोहे खात बसली होती. आईनं विचारलं, "गोदे, मुलगा कसा वाटला?"

गोदानं घास संपवला. "बरा आहे," ती म्हणाली. "सांगितलेलं ऐकतो." आणि राधाकडं पाहून दोघी हसल्या. त्या का हसल्या हे मी विचारलं नाही.

याद्या झाल्या. पंधरा दिवसांनी व्यंकटरावांचं पत्र आलं. कचेरीतला माणूस, लग्नातली सगळी कामं नावानिशी लिहून पाठवली होती. मांडव कुणी घालायचा, आचारी कुणी सांगायचा, वऱ्हाडाला स्टेशनवर कुणी उतरवून घ्यायचं. सगळ्यात शेवटी माझं नाव आणि त्यापुढं एकच ओळ: 'वधूचे बंधू यांनी बसून राहावे.'

मी आज्ञा पाळली. मांडवात तीच सतरंजी अंथरली होती. तिथं ती लहान पडली. पण माप राधानं लुगडं टाकून आधीच घेतलं होतं, त्यामुळं उरलेल्या जागेसाठी शेजारची दोन जाजमं वेळेवर आली. मधे जोड दिसत होता. कुणी पाहिला नाही. मी चार दिवस लोडाला टेकून बसून होतो, नुसता. आणि आमच्या घराण्यात इतकं बिनचूक पार पडलेलं लग्न दुसरं नाही, हे आजही सगळे माझ्या तोंडावर सांगतात.